मापं बरोबर, तरी नापास: फिटर व्यवसायातल्या एका जॉबचं प्रकरण

जॉब (परीक्षेसाठी हाताने घडवलेला लोखंडी नग) क्रमांक ७ ला ८४ गुण, जॉब क्रमांक १४ ला ५४. प्रात्यक्षिकात पास व्हायला ६० टक्के लागतात, म्हणजे १४ नापास. तक्रार १४ नंबरच्या मुलीचीच आली आणि ती दोन वाक्यांची होती: “सर, माझी सगळी मापं ड्रॉइंगप्रमाणे आहेत. मग मी नापास कशी?”

ठिकाण पुण्यातली एक औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे इथली मुलं पुढे भोसरी-चाकणच्या कारखान्यांत ॲप्रेंटिस म्हणून जाणार. व्यवसाय फिटर (धातूचे भाग घासून एकमेकांत बसवणारा कारागीर), पहिलं वर्ष, तुकडी २० जणांची. हे प्रकरण कुठल्या एका संस्थेचं नाही. वर्कशॉपमध्ये नेहमी दिसणाऱ्या गोष्टी एकत्र करून ते जुळवलं आहे आणि त्यातले गुण व मापं नमुन्यादाखल आहेत. हिशेब मात्र कोणीही कागदावर मांडून पडताळावा असाच आहे.

जॉब काय होता

७५ × १० मिमीच्या एमएस फ्लॅटमधून (साध्या पोलादाच्या पट्टीतून) ५० मिमी लांबीचे दोन तुकडे कापायचे आणि प्रत्येक तुकडा कानशीने ७२ × ४८ वर आणायचा. एका तुकड्याला (मेल) मध्यभागी २४ रुंद, २४ उंच जीभ ठेवायची आणि दोन्ही बाजूंचे कोपरे कापून टाकायचे. दुसऱ्याला (फीमेल) मध्यभागी २४ रुंद, २४ खोल खाच पाडायची. जीभ खाचेत बसली की ७२ × ७२ चा चौकोन तयार होतो. मापाची सूट (चालणारा फरक) ±०.०४ मिमी, कोनाची ३० मिनिटं, म्हणजे अर्धा अंश. फिटरच्या अभ्यासक्रमात फिटिंगच्या जॉबांना हीच सूट दिली आहे, त्यामुळे शिल्प निदेशकांनी (वर्कशॉपमधल्या शिक्षकांनी) ती आठही मापांना सरसकट लावली. गोंधळाचं मूळ इथेच होतं, पण ते लक्षात आलं शेवटी.

गुणपत्रक असं होतं: मापं ४० (आठ मापं, प्रत्येकी ५), फिटिंग २५, काटकोन १०, फिनिश १५, ‘एकूण नीटनेटकेपणा’ १०.

७ ला मिळाले ३५, २२, ७, १३, ७. १४ ला ३०, ४, ७, ९, ४.

७ चा जॉब हातात घेतला की आवडावा असाच होता. एमरी पेपर मारून चकचकीत केलेला, जीभ खाचेत अलगद सरकत होती. १४ च्या जीभेच्या कडेला हातोडीने ठोकल्याच्या खुणा होत्या आणि ती खाचेत जेमतेम २–३ मिमी शिरून अडकत होती. टेबलावर शेजारी शेजारी ठेवले असते तर कोणीही ७ च उचलला असता.

पुन्हा मोजणी

गट निदेशकांनी (निदेशकांच्या वरिष्ठांनी) आधी एक गोष्ट बरोबर केली. फक्त तक्रार करणारीचा जॉब न मागवता त्यांनी विसांचेही जॉब कपाटातून काढायला लावले. एकट्या तक्रारदाराचे गुण वाढले की बोलायला न धजणारे पोरके राहतात, आणि पुढच्या वेळी सगळेच तक्रार घेऊन दारात उभे राहतात. वीस जॉब म्हणजे चाळीस तुकडे. एका जॉबची आठ मापं, प्रत्येक तीन ठिकाणी, म्हणजे २४ वाचनं. एकाने मोजायचं आणि दुसऱ्याने लिहायचं असं केलं तर जॉबमागे पंधरा मिनिटं, एकूण पाच तास. जास्त वाटतात, पण एका दिवसाचं काम आहे.

मोजण्याआधी व्हर्नियर (जबड्यांत धरून माप घ्यायची पट्टी) तपासले. ०.०२ मिमी लीस्ट काउंटचे, म्हणजे तेवढ्याच बारकाईने वाचता येणारे, दोन व्हर्नियर वापरले होते, कारण दोघा निदेशकांनी तुकडी अर्धी-अर्धी वाटून घेतली होती. पहिल्याचे जबडे मिटल्यावर शून्यावर शून्य येत होतं. दुसऱ्यात +०.०४ ची शून्यचूक निघाली. जबड्याच्या टोकाला बारीक बर (धातूची वर आलेली कड) उठली होती. व्हर्नियरच्या टोकाने जॉबवर रेघा मारायची सवय असली की असं होतं. १ ते १० पहिल्या व्हर्नियरने मोजले गेले होते, ११ ते २० दुसऱ्याने. म्हणजे निम्म्या तुकडीचं बाहेरचं प्रत्येक माप ०.०४ ने जास्त लागलं होतं. संपूर्ण सूटच वर ०.०४ आणि खाली ०.०४ असताना!

यावर मुलांकडून हमखास येणारा एक बचाव असतो: उन्हाळ्याने लोखंड फुगलं. तो हिशेब करून दाखवावा, म्हणजे वाद मिटतो. पोलाद दर मीटरला दर अंश सेल्सिअसला साधारण ११.५ मायक्रॉन (मिलिमीटरचे हजारावे भाग) वाढतं. मोजमापाचं प्रमाण तापमान २० अंश, वर्कशॉपमध्ये ३५ धरा. २४ मिमीवर वाढ होते ०.००४ मिमी, आणि मोजायचं हत्यारही पोलादाचंच. इथे उष्णतेचा काही संबंध नाही. बरचा आहे.

दुसऱ्या मोजणीला मायक्रोमीटर (०.०१ मिमीपर्यंत मोजणारं स्क्रूचं हत्यार) घेतले: जीभेसाठी ०–२५, ४८ साठी २५–५०, ७२ साठी ५०–७५. पहिला मिटवून आणि बाकीचे दोन त्यांच्याबरोबर येणाऱ्या २५ व ५० च्या प्रमाण तुकड्यांवर शून्य करून. सुटीचा सगळा पट्टाच ०.०८ चा, तो ०.०२ च्या पायऱ्यांनी मोजायचा म्हणजे चारच पायऱ्या. ०.०१ चा मायक्रोमीटर असताना व्हर्नियरवर नापास ठरवू नये. मायक्रोमीटर नसेल तर निदान संशयाचा फायदा एका पायरीचा, म्हणजे ०.०२ चा, द्यावा.

आता ७ आणि १४ ची खरी मापं.

जॉब १४: मेल ७१.९९ × ४७.९८, जीभ रुंदी २४.०३, उंची २३.९७. फीमेल ७२.०२ × ४८.००, खाच रुंदी २३.९८, खोली २३.९९. आठच्या आठ सुटीत. चुकीच्या व्हर्नियरने जीभ २४.०८ आणि फीमेलची रुंदी ७२.०६ लागली होती, म्हणून दोन मापांचे १० गुण गेले होते.

जॉब ७: बाहेरची चारपैकी तीन मापं ठीक. फीमेलची उंची ४८.०५, म्हणजे ०.०१ ने बाहेर. मायक्रोमीटरच्या एका पायरीचा संशयाचा फायदा देऊन ती आत धरली. जीभेची उंची २४.०२, खाचेची खोली २४.००. जीभेची रुंदी मात्र मुळाशी २३.८६, मध्ये २३.८४, टोकाला २३.८२. खाच २३.८८ च्या आसपास. दोन्ही सुटीच्या बाहेर, तरी पहिल्या गुणपत्रकात दोन्हींपुढे बरोबरची खूण होती. जीभ खाचेत छान बसतेय म्हटल्यावर मोजायची गरज वाटली नव्हती.

तीन वाचनांची सरासरी काढू नये, ही इथली दुसरी शिकवण. जीभ मुळाशी २४.०६ आणि टोकाला २३.९६ असेल तर सरासरी २४.०१ येते आणि जॉब पास दिसतो. प्रत्यक्षात ती निमुळती आहे आणि मुळाशी अडकणार. वरच्या मर्यादेसाठी सगळ्यात मोठं वाचन घ्यावं, खालच्यासाठी सगळ्यात लहान. खाचेत उलट: अडचण होते ती सगळ्यात अरुंद जागेची.

मग बसत का नाही?

१४ च्या मुलीची मापं बरोबर होती आणि जॉब बसत नव्हता, या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या. जीभ २४.०३, खाच २३.९८: जीभ खाचेपेक्षा ०.०५ ने मोठी. हाताने ती जाणं शक्यच नाही. ड्रॉइंग मात्र जीभ २४.०४ पर्यंत चालेल आणि खाच २३.९६ पर्यंत चालेल असं सांगत होतं. म्हणजे मापं सगळी सुटीत ठेवूनही ०.०८ पर्यंत अडकणारा जॉब बनवायची परवानगी ड्रॉइंगनेच दिली होती. ±०.०४ ची सूट एकट्या तुकड्याला योग्य आहे. एकमेकांत बसणाऱ्या दोन तुकड्यांना तीच दोन्हीकडे लावली तर निम्मे जॉब नशिबावर सोडल्यासारखं होतं.

७ नंबरच्या मुलाने हे आपल्या पद्धतीने सोडवलं होतं. जीभ घासताना हात जास्त चालला, माप खाली गेलं. मग खाच त्या जीभेच्या मापाने, उजेडाला धरून, निळा रंग लावून, थोडी थोडी घासत बसवली. याला फिटिंग येत नाही असं कोण म्हणेल? दुरुस्तीच्या कामात हेच करावं लागतं: जुन्या शाफ्टला नवी की (शाफ्टच्या खाचेत बसणारी पाचर) बसवायची तर चार्टपेक्षा शाफ्टवरची खाचच खरी. पण भोसरीत बनलेला पार्ट रांजणगावात बनलेल्या पार्टमध्ये न घासता बसायचा असेल, तर जोडीने घासलेले तुकडे कामाचे नाहीत. अभ्यासक्रमातही या जॉबांचा हेतू अदलाबदल करता येणारे भाग हाच आहे. परीक्षेत कुठलं कौशल्य मागतोय हे आधी ठरवलं नाही, की एकाने एक दाखवलं आणि दुसऱ्याने दुसरं. दोघांनाही आपण बरोबर आहोत असंच वाटणार.

आणि १४ ला या एका कारणासाठी किती वेळा शिक्षा झाली ते पाहा. फिटिंगमध्ये २५ पैकी ४. अडकलेली जीभ हातोडीने ठोकून पाहिली म्हणून कडेला खुणा, फिनिशचे गुण कमी. जोड अर्धवट दिसतो म्हणून नीटनेटकेपणात ४. एकच गोष्ट तीन रकान्यांत कापली गेली. ठोकणं ही तिची चूक होतीच, पण ती एकदाच मोजायला हवी होती. प्रात्यक्षिकात अन्याय बहुतेक वेळा असा होतो. कोणी मुद्दाम कमी गुण देत नाही. एका चुकीचे पडसाद चार रकान्यांत उमटतात, आणि प्रत्येक रकाना वेगवेगळा पाहिला तर बरोबरच वाटतो.

तुकडीपुरता निवाडा

खेळ संपल्यावर नियम बदलायचे नाहीत, म्हणून मापांना जुन्या ड्रॉइंगचीच सूट ठेवली. बदल दोन केले. ‘एकूण नीटनेटकेपणा’ हा रकाना विसांसाठीही रद्द केला, कारण त्यात काय पाहिलं हे दोन्ही निदेशकांना सांगता येईना. फिटिंगचे २५ गुण फोडले: स्वतःच्या जोडीला १० आणि नमुना तुकड्यांना १५.

नमुना तुकडे म्हणजे वर्कशॉपने स्वतः नीट बनवलेली एक जोडी. नमुना फीमेलची खाच २४.०६, नमुना मेलची जीभ २३.९४. ड्रॉइंगच्या सुटीत असलेली कुठलीही जीभ २४.०६ मध्ये गेली पाहिजे आणि तिच्या कडेला ०.१५ ची फीलर पात (फट मोजायची पातळ पट्टी) शिरता कामा नये. तसंच सुटीतल्या कुठल्याही खाचेत २३.९४ ची जीभ गेली पाहिजे. ७ ची जीभ नमुन्यात खुळखुळली, ०.२० ची पातही सहज गेली. त्याच्या खाचेत नमुना जीभ गेलीच नाही. १४ चे दोन्ही तुकडे नमुन्यांत बसले. जीभ किंचित एका बाजूला कललेली होती, खांद्याशी (जीभेच्या मुळाजवळच्या आडव्या कडेशी) उजेड दिसत होता, तेवढे गुण गेले.

१४ च्या स्वतःच्या जोडीचं काय करायचं यावर खरा वाद झाला. शून्य दिले तर ड्रॉइंगच्या चुकीची भरपाई तिने करायची. पूर्ण दिले तर न बसणाऱ्या जॉबला बसल्याचे गुण. ठरलं ते असं: ज्यांची जीभ आणि खाच दोन्ही सुटीत असूनही जोड अडकला, त्यांचे हे १० गुण एकूणातून वगळायचे आणि उरलेल्यांची टक्केवारी काढायची. बाकीच्यांना ते लागू ठेवायचे. विसांना सरसकट वगळणं सोपं होतं, पण मग ज्यांनी जोड खरोखर नीट बसवला होता त्यांचे कमावलेले गुण जाणार. आमच्या मते दोन नियम ठेवण्याचा हा अवघडलेपणा इथे पत्करण्याजोगा आहे.

हिशेब: १४ ला मापं ४०, नमुना ११, काटकोन ६, फिनिश ९, म्हणजे ८० पैकी ६६, साधारण ८३ टक्के. ७ ला मापं ३०, स्वतःची जोडी ९, नमुना ४, काटकोन ५, फिनिश १३, म्हणजे ९० पैकी ६१, साधारण ६८ टक्के.

काटकोनात ७ चे दोन गुण कमी झाले ते एमरीमुळे. बोटाने दाबून एमरी मारली की मधला भाग तसाच राहतो आणि कडा गोल होतात. मायक्रोमीटर मधल्या उंच भागालाच टेकतो, म्हणून मापात हे कळत नाही. सरळ धारेची पट्टी कडेला आडवी लावून उजेडासमोर धरली की दोन्ही टोकांना उजेड दिसतो. चकाकी पाहून गुण देणाऱ्याने आधी ही पट्टी लावावी.

पुढच्या तुकडीसाठी

पहिली दुरुस्ती ड्रॉइंगची. जीभ २३.९२ ते २४.००, खाच २४.०० ते २४.०८. दोघांनाही ०.०८ चा पट्टा कायम, पण अडकण्याचा प्रश्न संपला. फट शून्यापासून ०.१६ पर्यंत. ०.१६ म्हणजे ढिलं वाटेल. पट्टा अरुंद करता येईल, पण मग पहिल्या वर्षाच्या हाताला आणि ०.०२ च्या व्हर्नियरला तो झेपत नाही. पहिल्या जॉबला एवढी फट आम्ही चालवून घेऊ.

खाच व्हर्नियरच्या आतल्या जबड्यांनी मोजण्यावर फार विसंबू नये. जबडा जरा तिरका धरला की वाचन बदलतं आणि कोपऱ्यात तो पोहोचत नाही. स्लिप गेजने (ठरलेल्या जाडीच्या अचूक पोलादी ठोकळ्यांनी) बिनचूक काम होतं: २० + ४ ची जोडणी जायला हवी, २० + ३ + १.०८ ची जाता कामा नये. पण बर असलेल्या वीस जॉबांत स्लिप गेज घालणं जिवावर येतं, आणि यावंच. त्यापेक्षा एका टोकाला २४.०० आणि दुसऱ्या टोकाला २४.०८ असा ग्राइंड केलेला गोल प्लग करून घ्यावा. पहिलं टोक पूर्ण खोलीपर्यंत गेलं पाहिजे, दुसरं तोंडाशीच थांबलं पाहिजे. वीस जॉब दहा मिनिटांत होतात आणि मुलांनाही घासता घासता स्वतः तपासता येतं.

मापाचे ५ गुण सगळे किंवा शून्य असे नकोत. सुटीत ५, सुटीबाहेर ०.०४ पर्यंत ३, ०.१० पर्यंत १, त्यापुढे शून्य. ०.०१ ने चुकलेला आणि अर्धा मिलिमीटर खाल्लेला हात एका मापाने मोजणं बरं नाही.

कोनाचा रकाना नुसता नावाला राहतो, त्याचं कारण आकड्यांत आहे. २४ मिमी लांबीवर ३० मिनिटं म्हणजे ०.२१ मिमी. जीभेच्या दोन्ही बाजू पूर्ण उंचीत ०.०८ च्या पट्ट्यात असतील तर त्या एकमेकींशी १२ मिनिटांहून जास्त तिरप्या असूच शकत नाहीत. तिथे कोन वेगळा मोजून काही हाती लागत नाही. पण सगळी जीभच कललेली असेल, तर दोन्ही बाजू समांतर राहतात, रुंदी बरोबर येते आणि खांद्याशी कोन बिघडलेला असतो. म्हणून ट्राय स्क्वेअर (काटकोन्या) किंवा बेव्हल प्रोट्रॅक्टर (कोनमापक) खांदा आणि जीभ यांच्या कोपऱ्यातच लावावा. १४ चा एक गुण तिथेच गेला होता.

जीभ मध्यावर आहे का, हे मेल उलटून बसवल्यावर कळतं. मेल आणि फीमेल दोन्ही एकाच बाजूला ०.१० ने सरकलेले असतील तर सरळ बसवल्यावर बाहेरच्या कडा एकसारख्या दिसतात. उलटून बसवलं की ०.२० ची पायरी बोटाला लागते. या चुकीचं नेहमीचं कारण असं: पहिला कोपरा कापताना समोरच्या कडेपासून ४८.०० ठेवायचे, असं मुलं पाठ करतात. तुकड्याची प्रत्यक्ष रुंदी ७१.९४ आली असेल तर ते ४७.९७ हवं: निम्मी रुंदी ३५.९७, अधिक १२. पाठ केलेले ४८ ठेवले तर जीभ ०.०३ ने सरकते. हे तोंडी परीक्षेत विचारण्यासारखं आहे. उत्तर आलं की मुलाने माप ठेवलं की माप त्याला लागलं, हे लगेच कळतं.

फिनिशसाठी शब्दांत वर्णन लिहून दोन निदेशकांचं एकमत होत नाही. तीन तुकडे भिंतीवर टांगावेत: एक बास्टर्ड (भरड) कानशीच्या खुणा राहिलेला, एक सेकंड कटचा (मध्यम), एक स्मूथ (बारीक) कानशीने ड्रॉ फायलिंग केलेला, म्हणजे कानस आडवी धरून पुढे-मागे ओढलेला. खाली ४, ७, १० असे गुण लिहून. जॉब शेजारी धरायचा आणि जवळचा आकडा द्यायचा. खडू न घासता कानस चालवली की दातांत अडकलेला भुगा खोल ओरखडे पाडतो. त्याचे गुण इथेच जातील, दुसऱ्या रकान्यात पुन्हा नाही.

नव्या पत्रकात मापं ४०, फिटिंग २०, काटकोन व सपाटी १५, फिनिश १०, काम करण्याची पद्धत १५. शेवटचा रकाना जॉब टेबलावर आल्यावर भरता येत नाही. तो काम चालू असतानाच, दोन दिवसांत निदान तीन फेऱ्या मारून भरावा लागतो: व्हर्नियर कानशीच्या ढिगात ठेवला का, भुगा फुंकरीने उडवला की ब्रशने झाडला, शेगड्यात (जॉब पकडायच्या व्हाइसमध्ये) तयार बाजू धरताना मऊ जबडे लावले का. यातले ५ गुण स्वतःच्या मोजणीला. जॉब देण्याआधी प्रत्येकाने पत्रकाच्या डाव्या रकान्यात आपण मोजलेली आठ मापं लिहायची आणि निदेशकाने उजव्यात. जीभ २३.८४ झाली आणि मुलाने २३.८४ च लिहिलं, तर मापाचे गुण गेले तरी मोजणीचे मिळाले. २४.०० लिहिलं तर दोन्ही गेले. तक्रारी यानेच सगळ्यात कमी होतात, कारण भांडण गुणांवरून न होता एका आकड्यावरून होतं आणि तो दोघांसमोर पुन्हा मोजता येतो.

मदतीचा प्रश्न. शेजाऱ्याने खाच घासून दिली अशी कुजबुज प्रत्येक तुकडीत असते. अभ्यासक्रमात गुणांचे पट्टे मदतीवरूनही ठरतात: ६० ते ७५ मध्ये अधूनमधून मदत धरलेलीच आहे, ७५ ते ९० मध्ये थोडी, ९० च्या पुढे अगदी कमी किंवा नाही. म्हणजे मदत घेणं हा गुन्हा नाही, पण ती नोंदलेली हवी. निदेशकाने जॉब हातात घेऊन चार हात कानस मारून दाखवली, तर तेही लिहावं.

परिस्थिती सगळ्यांना सारखी होती का, हेही पाहावं लागतं. खाच पाडण्याआधी आखलेल्या रेघेच्या आत साधारण १ मिमी सोडून भोकांची साखळी पाडायची असते. ड्रिलिंग मशीन एक, मुलं वीस. पुण्यात गुरुवार हा दुरुस्तीसाठी वीज बंद ठेवण्याचा वार, आणि बुधवारी ज्यांचा नंबर लागला नाही त्यांची खाच शुक्रवारपर्यंत खोळंबली. वेगाचे गुण द्यायचे तर घड्याळ ड्रिलिंग झाल्यानंतर सुरू करावं. शेगड्याची उंची कोपराएवढी हवी. ठेंगण्या मुलाला उंच शेगडा मिळाला की कानस झुलते आणि पृष्ठभाग मधोमध फुगीर होतो. पायाखाली एक फळी दिली की निम्मी फुगीरता जाते. फळी न देता सपाटीचे गुण कापणं बरोबर नाही.

जॉबवर हजेरी क्रमांक ठोकण्याची पद्धत आहे, तीही तपासावी. आकड्याच्या पंचाने भोवतीचं लोखंड उचललं जातं. कोणी तो कडेच्या अरुंद बाजूवर ठोकला तर तिथून घेतलेलं माप जास्त येतं. क्रमांक रुंद बाजूवर, कडेपासून आत. मूल्यमापनाच्या दिवशी त्यावर चिकटपट्टी लावून दुसरा कच्चा क्रमांक द्यावा, कारण चांगल्या मुलाचा जॉब म्हटलं की हात सैल होतो. दोघा निदेशकांनी सुरुवातीचे तीन जॉब एकमेकांना न दाखवता तपासावेत. मापांत ०.०२ पेक्षा जास्त फरक आला तर दोष हत्याराचा किंवा धरण्याचा. फिनिशमध्ये तीन गुणांपेक्षा जास्त आला तर दोघांनी टांगलेल्या तुकड्यांपाशी उभं राहून बोलावं. त्यानंतरच उरलेले सतरा.

अंतर्गत मूल्यमापनाचे पुरावे पुढची परीक्षा होईपर्यंत जपून ठेवावे लागतात, पण पावसाळ्यात उघडा एमएस जॉब आठवड्याभरात तांबूस होतो आणि फेरतपासणीत फिनिशचे गुण कशाला द्यायचे हेच कळेनासं होतं. या प्रकरणातही तीन जॉबांवर गंज चढला होता आणि त्यांचे फिनिशचे जुने गुण तसेच ठेवावे लागले. मोजणी झाली की जॉब पुसून तेल लावावं, पत्रकाच्या प्रतीसह प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधावा. नमुना तुकडे आणि प्लग त्याच कपाटात, पण कुलूपबंद. मुलांनी त्यावर जीभ ठोकून पाहिली की २४.०६ ची खाच २४.१० होते, म्हणून प्रत्येक मूल्यमापनाच्या सकाळी जॉबांच्या आधी नमुनेच मोजायचे आणि तो आकडा पत्रकाच्या वरच्या कोपऱ्यात लिहायचा. नव्या ड्रॉइंगवर खाली आणखी एक ओळ आली आहे: ‘एमरी पेपर वापरू नये.’ पहिल्या ड्रॉइंगवर ती नव्हती, आणि म्हणून ७ च्या फिनिशचे १३ कोणी कापले नाहीत.